तांबडा भोपळा : पाकक्रिया आणि हस्तकला

तांबडा भोपळा हा फळभाज्यांमध्ये वजनाने सर्वांत मोठा आणि मानाने सर्वांत लहान. परीक्षेत शून्य मिळाले की नाव याचे, फलंदाजाने पहिली धाव काढली की फुटतो हाच, आणि कोणाचा भ्रम नाहीसा झाला तरी फुटण्याची जबाबदारी पुन्हा याच्यावरच. एवढे सगळे ऐकून घेऊनही तो माळ्यावर तीन-चार महिने मुकाट बसून राहतो. पेण आणि रोहा या रायगड जिल्ह्यातल्या दोन गावांच्या आधाराने त्याचे दोनच उपयोग येथे पाहायचे आहेत. पहिला, चहाचा स्वाद देऊन भाजलेला गोड पदार्थ. दुसरा, मुलांना सुट्टीत करता येण्याजोग्या वस्तू. दोन्ही उद्योग एकाच दिवशी काढले तर भोपळा एकच पुरतो, भांडण मात्र दोन दिवस पुरते.

भोपळा घराच्या कौलांवर चढलेला पाहिला की तो शिवकाळाच्या आधीपासून इथलाच असावा असे वाटते. तसे नाही. मिरची, बटाटा, पेरू आणि काजू यांच्याप्रमाणे तोही मूळचा अमेरिका खंडातला, आणि युरोपातल्या दर्यावर्दींना तिकडची वाट सापडल्यानंतरच तो या बाजूला आला. दुधी आणि त्याचा कडू भाऊबंद हे मात्र इथले फार जुने रहिवासी. मिरजेचे तंबोरे आणि सतारी बनतात त्या या कडू भोपळ्याच्या, तांबड्याच्या नव्हेत. लेकीकडे जाऊन लठ्ठ होऊन परतणारी गोष्टीतली म्हातारी कोलंबसाच्या आधीची असेल, तर तिचे वाहनही तांबडे नसणार. बालवाडीच्या भिंतींवर ते सर्रास केशरी रंगवलेले असते, पण भिंतीवरच्या वाहनाचे कागदपत्र कोण तपासणार?

बाजारात भोपळा दोन रूपांत मिळतो, अख्खा आणि फोड. स्वयंपाकाला फोड बरी, कारण आतला रंग दिसतो. गर गर्द केशरी हवा, बियांभोवतीची जाळी ओलसर हवी पण बुळबुळीत नको. हस्तकलेला मात्र अख्खा लागतो. अख्ख्याची परीक्षा देठावरून करतात. देठ वाळून कडक झालेला असावा, सालीत नख रुतू नये. याशिवाय प्रत्येक गिऱ्हाईक भोपळा कानाजवळ नेऊन बोटाच्या पेराने ठोकते. ठोकल्यावर येणाऱ्या आवाजाचा अर्थ त्याला कळतो असे नाही, पण न ठोकता पैसे देणे हा व्यवहारातला अडाणीपणा समजला जातो. पेणच्या बाजारात पाटी घेऊन बसलेली बाई हे ठोकणे शांतपणे पाहते. चार भोपळे ठोकून झाले की गिऱ्हाईक म्हणते, "पाव किलोची फोड द्या." तिचा चेहरा तेव्हाही बदलत नाही. ती आधीच कापून ठेवलेला पाचवा भोपळा पुढे ओढते.

अख्खा भोपळा घरी आणल्यावर तो कापायचा कोणी, हा प्रश्न उभा राहतो. अनेक घरांत अख्खा कोहळा किंवा भोपळा बाईने आधी कापू नये असा रिवाज आहे. बळीच्या ऐवजी कोहळा फोडण्याची जी चाल आहे, तिच्याशी तो जोडलेला दिसतो. तेव्हा घरातल्या पुरुषाला हाक मारली जाते. तो वर्तमानपत्र बाजूला ठेवून येतो, कोयत्याने एक वार घालतो, कोयता मधोमध अडकतो, तो भोपळ्यासकट उचलून दोनदा जमिनीवर आपटला जातो आणि फळ एकदाचे दुभंगते. या पाककृतीतला पुरुषाचा वाटा इथे सुरू होतो आणि इथेच संपतो. तरी संध्याकाळी पाहुण्यांना सांगताना "आम्ही केला" असेच म्हटले जाते. पुढच्या फोडी विळीवर होतात.

भोपळ्याच्या शंभर ग्रॅम गरात नव्वद ग्रॅमच्या आसपास पाणी असते. या पदार्थातली सारी फजिती या एका आकड्यातून निघते. भोपळा स्वभावाने गरीब आहे, गुळाबरोबर गोड होतो, मिरचीबरोबर तिखट, दह्यात घातला तर भरीत. पाण्याच्या बाबतीत मात्र तो कोणाचे ऐकत नाही. शिट्ट्या काढून शिजवला तर त्याची पेज होते. म्हणून फोडी वाफवण्यापेक्षा तव्यावर किंवा भट्टीत सालीसकट भाजाव्यात, साल मागाहून सुटते. मग गर घोटून, चमचाभर तुपावर, कढई सोडेपर्यंत परतावा. घारग्यांच्या पिठात हीच अडचण कणीक वाढवत नेऊन सोडवतात, आणि म्हणूनच सहा जणांसाठी काढलेले घारगे वीस जणांना पुरतात.

चहा दोन प्रकारचा लागतो. पहिला गवती चहा. हे गवतच आहे, चहाच्या झुडपाशी त्याचे काडीचे नाते नाही. त्याचा लिंबासारखा वास सिट्रल नावाच्या द्रव्यामुळे येतो. कोकणात त्याचे बेट मागीलदारी, मोरीचे पाणी जाते त्या बाजूला लावलेले असते, आणि ज्याच्याकडे ते नाही त्याने शेजारून चार पाती मागावीत अशी वहिवाट आहे. पाती हातात घेतली की तिची गाठ मारून टाकतात. पात्यांच्या कडा धारदार असल्याने पहिली गाठ सहसा बोट कापूनच बसते.

दुसरा चहा म्हणजे नेहमीची पूड. महाराष्ट्रात आज जो चहा पाहुण्याने नाकारला तर अपमान होतो, तोच चहा 1890 साली घेतला म्हणून अपमान झाला होता. पुण्यातल्या पंचहौद मिशनमध्ये एका समारंभाला जमलेल्या मंडळींपुढे चहा-बिस्किटे आली. त्यांत न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळकही होते. आनंदीबाई जोशींचे यजमान गोपाळराव यांनी हजर असलेल्यांची नावे वर्तमानपत्रात छापून आणली, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले आणि प्रायश्चित्ताची वेळ आली. मिशनऱ्यांनी त्या दिवशी बिस्किटांऐवजी भोपळा ठेवला असता तर निदान अर्धे प्रायश्चित्त वाचले असते. उरलेल्या अर्ध्याला इलाज नव्हता.

पदार्थात चहा कसा शिरतो ते पाहण्याआधी, तो कोणत्या पदार्थात शिरतो ते पाहावे. भाजलेल्या गोडाची कल्पना केकच्या साच्याबरोबर आली असे समजण्याचे कारण नाही. कोकणात तवसाचे धोंडस आहे. रोह्याकडच्या कायस्थ प्रभूंच्या घरांत श्रावणात निनाव होते. निनावाचे साहित्य म्हणजे चण्याचे पीठ, थोडी कणीक, गूळ, नारळाचे दूध, तूप, वेलची आणि जायफळ. हे सगळे आटवून पातेल्यात ओततात आणि खालीवर निखारे ठेवून भाजतात. वरचे निखारे झाकणावर ठेवायचे असल्याने झाकणाला कड लागते आणि ते उघडणाऱ्याला हिंमत लागते. आत डोकावताना एखादा कोळसा पदार्थात पडला तर तो चिमट्याने काढून, वर बदामाचा काप ठेवून विषय मिटवतात.

चहा-भोपळ्याचा पदार्थ हा या निनावाचाच नात्यातला. एका आठ इंची भांड्याला परतलेला भोपळा 2 वाट्या, चण्याचे पीठ अर्धी वाटी, कणीक पाव वाटी, चिरलेला गूळ सव्वा वाटी, नारळाचे दूध 2 वाट्या आणि तूप 4 चमचे, असे प्रमाण बसते. ज्या रोह्यात चिंतामणराव देशमुखांचे बालपण गेले, पुढे जे रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि मग देशाचे अर्थमंत्री झाले, त्या गावी तरी वाट्यांचा हिशेब चोख राहील अशी अपेक्षा ठेवायला हरकत नाही. प्रत्यक्षात वाटी कोणती, याचा उल्लेख कोठल्याच घरच्या वहीत नसतो. "आपली नेहमीची वाटी" एवढीच नोंद असते, आणि ती वाटी थोरल्या सुनेच्या वाटणीत गेलेली असते.

नारळाचे दूध दोनदा काढावे. दाट दूध बाजूला ठेवावे. पातळ दुधात गवती चहाच्या दहाएक पाती गाठ मारून घालाव्यात, मंद आचेवर दूध तापवावे आणि उकळी फुटण्याआधी उतरवावे. त्यात चहाची पूड 2 लहान चमचे घालून झाकण ठेवावे. चार मिनिटांत दूध पंच्यातून गाळून घ्यावे. इथे बहुतेक घरांत घात होतो. चहा म्हटला की तो खळखळून उकळलाच पाहिजे हा संस्कार इतका खोल गेलेला असतो की दूध शांतपणे झाकून ठेवणे कोणाला जमत नाही. चहातला तुरटपणा टॅनिनांचा. गाईम्हशीच्या दुधातली प्रथिने ती टॅनिने धरून ठेवतात, म्हणून टपरीवरचा काढ्यासारखा चहाही घशाखाली उतरतो. नारळाच्या दुधात प्रथिने थोडी, स्निग्धांश भरपूर. त्यात वास सुरेख उतरतो, पण तुरटपणाला आवरणारे कोणी नसते. चार मिनिटांचा चहा चौदा मिनिटे उकळला तर पदार्थ खाणाऱ्याची जीभ टाळ्याला चिकटते, आणि पाहुणे फार बोलेनासे झाले म्हणून यजमानीण खूश होते.

यानंतर पिठे तुपावर खमंग भाजावीत, त्यांत भोपळा, मग चहाचे दूध थोडे थोडे घालून गुठळ्या मोडाव्यात. गूळ घालावा, तो विरघळला की आच कमी करून दाट दूध घालावे. गूळ आणि मोठी आच एकत्र आली तर नारळाचे दूध फुटते. मिश्रण पळीवरून जड पडू लागले की तूप लावलेल्या भांड्यात ओतावे, वर खसखस भुरभुरावी आणि 180 अंशांवर पाऊण तास भाजावे. ओव्हन नसेल तर जाड बुडाच्या पातेल्यात मीठ किंवा वाळू पसरून, वर तिवई, तिवईवर भांडे आणि घट्ट झाकण. कुकर वापरला तर रिंग आणि शिटी काढावी. शिटी तशीच राहिली तर भोपळा पुन्हा पाण्याकडे वळतो. पदार्थ पूर्ण गार झाल्याशिवाय कापू नये. गरम असताना सुरी घातली की वडी पडत नाही, खीर पडते, आणि ती वाटीत घालून हेच मुळात करायचे होते असे जाहीर करावे लागते.

तिसरा मार्ग बेकरीचा. दिवाळीआधी घरची नानकटाई पत्र्याच्या ताटांत लावून बेकरीच्या भट्टीत भाजून आणण्याची पद्धत कोकणातल्या गावांना नवी नाही. दुपारी पाव निघून गेले की भट्टीपाशी ताटांची रांग लागते आणि प्रत्येक ताटावर आडनावाची चिठ्ठी असते. या रांगेत भोपळ्याचे भांडे आले की भट्टीवाला झाकण उचलून वास घेतो, "हे काय?" विचारतो, आणि "भोपळ्याचं, चहा घालून" हे उत्तर ऐकल्यावर भांडे सर्वांत मागच्या कोपऱ्यात सरकवतो. तिथली आच निवलेली असते, त्यामुळे पदार्थ उत्तम भाजला जातो. फक्त त्याला खारी बिस्किटांचा वास येतो आणि चिठ्ठी जळून गेलेली असते.

तयार पदार्थ पेणहून रोह्याला नातलगांकडे पाठवायचा असेल तर रेल्वेने न्यावा. दिवा-रोहा गाडीत मांडीवर डबा धरून बसले की कासू आणि नागोठणे मागे टाकून तो अखंड पोहोचतो. महामार्गाने नेल्यास आधी भांड्याच्या कडेने भेग पडते, वडखळच्या पुढे वड्या आपोआप होतात, आणि नागोठण्यापर्यंत त्या पुन्हा एकजीव झालेल्या असतात.

आता हस्तकला. भोपळा पोखरून त्याला डोळे-तोंड कापायचे आणि आत दिवा ठेवायचा ही पद्धत हॅलोविनची. आयर्लंडमध्ये हे काम सलगमावर चालत असे. तिथले लोक अमेरिकेत गेले तेव्हा त्यांना भोपळा सापडला आणि सलगमाची सुटका झाली. कोकणातल्या मुलांना याच कुळातल्या फळाचा राक्षस करण्याची सवय आधीपासून आहे. नरकचतुर्दशीच्या पहाटे अभ्यंगस्नानानंतर तुळशीपाशी डाव्या पायाच्या अंगठ्याने फोडतात ते कारीट काकडीच्या कुळातले, सुपारीहून जरासे मोठे आणि कडूजहर. 2024 साली नरकचतुर्दशी आणि हॅलोविन एकाच दिवशी, 31 ऑक्टोबरला आले. त्या दिवशी एकाच अंगणात एक फळ राक्षस म्हणून चिरडायचे आणि त्याचा मोठा चुलतभाऊ राक्षस म्हणून सजवायचा, असा पेच होता. मुलांनी दोन्ही केले, त्यांना पेच पडत नाहीत.

पेणमध्ये या भोपळ्याला आणखी एक अडचण आहे. पेण आणि जवळची हमरापूर-जोहे ही गावे गणपतीची. वर्षातले बरेच महिने कारखान्यांत मूर्तींचे काम चालू असते, आणि मुलांनी शाळेत जाता-येता डोळ्यांची आखणी पाहिलेली असते: आधी पांढरा भाग, मग बारीक कुंचल्याने वरची पापणी एका दमात, मग बुबुळ, शेवटी बुबुळात पांढरा ठिपका. अशा मुलाच्या हातात भोपळा आणि काळा रंग दिला तर तो त्रिकोणी डोळे काढत नाही. तो पापणी काढतो. भुवई कमानदार येते, नजर किंचित खाली झुकते आणि भूत भक्तांकडे कृपादृष्टीने पाहू लागते. वाकडे दात काढले तरी ते मोदक खाताना दाखवल्यासारखे दिसतात. असा भोपळा अंधारात दारात ठेवला तर घाबरत कोणी नाही. म्हाताऱ्या बायका चप्पल काढतात.

शाडूच्या मातीने भोपळ्याला नाक-कान बसवायचे झाल्यास आधी साल पॉलिश पेपरने खरवडावी. सालीवर मेणासारखा थर असतो, त्यावर माती धरत नाही. खरवडूनही माती जाड लावू नये, कारण वाळताना ती आकसते, भोपळा आकसत नाही, आणि सोंड रात्रीतून खाली येते. कागदाचा भोपळा अधिक टिकाऊ. फुग्यावर रद्दीच्या पट्ट्या खळीने चार थर चिकटवाव्यात आणि ओल्या असतानाच देठापासून बुडापर्यंत सुतळीचे आठ वेढे आवळावेत, म्हणजे फोडींच्या खाचा येतात. मुलाने सुतळी फार आवळली तर फुगा फुटतो. हाही भोपळा फुटण्याचाच प्रकार.

हत्याराशिवाय होणारी एक वस्तू म्हणजे पिपाणी. भोपळ्याच्या पानाचा देठ पोकळ असतो. पान खुडून, लव हाताने पुसून, बंद टोकाजवळ उभी चीर द्यावी आणि ते टोक तोंडात धरून फुंकावे. रेड्यासारखा आवाज निघतो. पुस्तकी हस्तकलेत ही पिपाणी सापडत नाही याचे कारण, पुस्तके मोठ्यांच्या परवानगीने छापली जातात.

दुसरी वस्तू धीराची आहे. वेलीवरच्या कोवळ्या भोपळ्यावर खिळ्याने हलके नाव कोरावे. जखम भरते, तिथे खरबरीत पांढुरकी खपली धरते आणि फळाबरोबर अक्षरेही मोठी होतात. श्रावणात बोटभर लिहिलेले नाव दसऱ्याला वीतभर होते. मराठी लिहिताना काना-मात्रा त्याच वेळी तपासून घ्याव्यात, कारण फळाबरोबर चूकही वाढते आणि ती बाजारात सर्वांना वाचता येते. भांडखोर भावंडांनी एकाच भोपळ्यावर दोन बाजूंनी नावे कोरल्यास फळाला काही होत नाही, फक्त कापताना कोयता मध्ये कोठे घालायचा याचा वाद होतो.

पोकळ असल्याने भोपळा पाण्यावर तरंगतो. वाळलेले कडू भोपळे पाठीला बांधून पूर्वी कितीतरी मुले नदी-विहिरींत पोहायला शिकली. हाच गुण हस्तकलेत आडवा येतो. भोपळ्याचा गणपती पर्यावरणाला निर्धोक, रंग हळदीचा, डोळे काजळाचे, सगळे बिनतक्रार. विसर्जनाच्या वेळी मात्र तो बुडायला तयार होत नाही. रोह्याच्या कुंडलिका नदीत सोडला तर हसतमुखाने भरती-ओहोटीबरोबर वरखाली करीत राहील आणि पुढच्या घाटावरच्या मंडळींना आपण काय पाहिले हे घरी सांगणे अवघड जाईल. त्याला भोक पाडून पाणी भरावे लागते, आणि ते काम कोण करणार यावर पुन्हा घरातल्या पुरुषाला हाक जाते.

बिया धुऊन, राखेत घोळून वाळवाव्यात. रांगोळीचे ठिपके, पाटीवरची अक्षरे, पुठ्ठ्यावर चिकटवलेला मोर अशा सगळ्या कामांना त्या चालतात. त्यांतल्या निम्म्या भाजून, मीठ लावून, मोर पुरा होण्याआधीच खाल्ल्या जातात. या मोरांना पिसारा कमी असतो तो त्यामुळे.

कोरलेला भोपळा ऑक्टोबरच्या उकाड्यात दोन-तीन दिवस टिकतो. तिसऱ्या दिवशी त्याचे तोंड आत वळते, चौथ्या दिवशी चिलटे येतात आणि पाचव्या दिवशी तो खरोखर भीतिदायक दिसू लागतो. तेव्हा तो गाईम्हशींपुढे टाकावा, मात्र त्यासाठी आधीपासून ऑइल पेंट टाळून गेरू, हळद आणि तांदळाची पेस्ट यांवरच भागवलेले असले पाहिजे. उरलासुरला उकिरड्यावर जातो. तिथे राहिलेल्या बिया मृगाच्या पावसात आपोआप रुजतात, वेल गडग्यावर चढतो, पलीकडे उतरतो आणि पहिले फळ शेजाऱ्याच्या आवारात धरतो. मूळ ज्याचे त्याचे फळ, असे एक मत आहे. फळ ज्याच्या जमिनीवर टेकले त्याचे, असे दुसरे. बहुतेक ठिकाणी शेजारीण अर्धी फोड पाठवते आणि तिच्या बदल्यात गवती चहाच्या चार पाती मागून नेते.